शेवटची अर्धी गोळी

डिचोली तालुक्यातल्या एका सिस्टरचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, इथे थोडक्यात देते.

'ताई, माझं वय ३६. एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात ११ वर्षं स्टाफ नर्स आहे. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. "मला परत इस्पितळात नेऊ नका" असं तिनं बजावून ठेवलं होतं, म्हणून शेवटचे सात आठवडे ती घरीच होती. मॉर्फिनच्या गोळ्या मीच द्यायचे. गणेश चवथीच्या आठ दिवस आधी, सकाळी १० ची गोळी दिली आणि ११ ला पाच मिनिटं असताना ती गेली. भाऊ दुबईहून दुसऱ्या दिवशी पोचला. बाराव्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या त्या गोळ्यांनीच गेली ती." मावशी म्हणाली, "चार दिवस पेजेचा घोटही घातला नाहीस." तेराव्यानंतर ड्युटीवर गेले. आता मॉर्फिनच्या कपाटाची चावी घेतली की हात कापतात. खिडकीकडच्या खाटेवर कॅन्सरची पेशंट आली की मी दुसरीला पाठवते. परवा जेवणाच्या सुट्टीत कशावर तरी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. मैत्रीण म्हणते, तू अजून रागाच्या पायरीवर आहेस. बाकीचे म्हणतात, सिस्टर, तुला काय सांगायचं, तू तर यातलीच. खरं सांगा, मी तिला मारलं का? आणि ही नोकरी माझ्याच्यानं होईल का? सोबत माझ्या वहीच्या पानांचे फोटो पाठवते. ता. क. सकाळी ६ चा गोळीचा अलार्म मोबाईलवर अजून वाजतो.'

बाय,

मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तू तिला मारलं नाहीस. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. वहीची पानं मी दोनदा वाचली. ज्या डॉक्टरांसोबत निवृत्तीनंतर मी घरोघरी रुग्ण बघायला जाते, त्यांनाही नाव झाकून दाखवली. त्यांनीही हेच सांगितलं.

वहीत काय आहे ते तुझ्याच अक्षरात परत वाच, पण मुलगी म्हणून नको. नाईटच्या सिस्टरनं तुला रिपोर्ट दिलाय असं समजून वाच. १० मिलिग्रॅमची गोळी सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, आणि रात्री १० ला दोन, म्हणजे रात्री २ ला तिला उठवायला नको. हा डोस १४ दिवस तोच. या १४ दिवसांत 'दुखणं कमी, मला ओळखते, मावशीशी बोलली' अशा नोंदी आहेत. मॉर्फिनचा श्वासावर जो परिणाम होतो, त्याला शरीर काही दिवसांतच सरावतं. दोन आठवडे पचलेला डोस पंधराव्या दिवशी अचानक जीव घेत नाही.

आता शेवटच्या दिवसाआधीची संध्याकाळ. तू लिहिलंस: 'पाय गार. गुडघ्यांवर जांभळट चट्टे. लघवी सकाळपासून नाही.' रात्री अडीचला: 'श्वास थांबतो, १५ ते २० सेकंद, मग परत भरभर. घशात घरघर.' ही लक्षणं मॉर्फिनची नाहीत. शरीर आवरतं घेतं तेव्हा ती अशीच दिसतात, आणि वॉर्डात तू ती शंभरदा पाहिली आहेस. सकाळी ८ ला तू डॉक्टरांना फोन केलास. लघवी बंद झाली म्हणजे मूत्रपिंडं औषध बाहेर टाकत नाहीत, म्हणून त्यांनी डोस निम्मा करायला सांगितला. १० वाजताची तुझी नोंद आहे: 'श्वास मिनिटाला १८. कपाळाला आठी. अर्धी गोळी चुरून, दोन थेंब पाण्यात, गालात.'

अर्धी, बाय. तुझ्या पत्रात 'गोळी' आहे, वहीत 'अर्धी गोळी' आहे. तुझ्या मनानं उरलेली अर्धी त्या दिवसानंतर जोडली.

मॉर्फिन जास्त झालं तर माणूस आधी गाढ गुंगीत जातो, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात आणि मग श्वास संथ होत होत मिनिटाला सात-आठवर येतो. १८ श्वास घेणाऱ्या बाईच्या बाबतीत असं काही झालेलं नव्हतं. गालात ठेवलेली गोळी रक्तात उतरते तीही हळूहळू, आणि त्यातलीही थोडीच. ती गोळी नसती तरी आई त्याच सकाळी गेली असती. फक्त कपाळावरची आठी घेऊन गेली असती.

दर चार तासांनी द्यायचं औषध असलं की त्यातली एक वेळ शेवटची ठरणारच. ती वेळ कुठली, हे देणाऱ्याला आधी कळत नाही. त्या घडीला उशाशी जो बसलेला असतो, त्याच्या हातून ती जाते. तुमच्या घरात बसलेली तू होतीस.

इथे माझं एक सांगते. १९९४ साली माझी थोरली बहीण जबड्याच्या कॅन्सरनं गेली. मी तेव्हा नर्सिंग शिकवत होते, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलींना रुग्णसेवा शिकवत होते. ज्या रुग्णालयात ती होती तिथे दुखण्यावर इंजेक्शन मिळायचं ते आठ तासांनी, आणि त्याचा परिणाम तीन तास टिकायचा. मधले पाच तास ती चादरीचं टोक दातांत धरायची. मॉर्फिनचं विचारलं तर उत्तर मिळालं, 'सवय लागेल.' आठवडाभरात जाणाऱ्या बाईला कसली सवय लागणार होती! आणि मी गप्प बसले, कारण मीही तेच शिकले होते आणि तेच शिकवत होते. तू दिलेल्या औषधाचं ओझं वाहते आहेस. न दिलेल्या औषधाचं ओझं काय असतं, ते मला विचार. ते ३० वर्षांत कमी झालेलं नाही.

ती भीती आमच्या एकट्या रुग्णालयाची नव्हती. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा व्यसनींसाठी आणि तस्करांसाठी होता, पण परवान्यांच्या जाळ्यामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. लंडनमध्ये डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९५८ पासूनच दाखवून दिलं होतं की दुखणं उसळायची वाट न बघता घड्याळ लावून मॉर्फिन दिलं, तर माणूस शुद्धीत राहतो, बोलतो, आणि त्याला व्यसनही लागत नाही. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि मग डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारं घर, सुरू केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या आखून दिल्या, त्यातल्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. आपल्याकडचा कायदा २०१४ साली बदलला आणि मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तो बदल घडवून आणण्यासाठी केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी कित्येक वर्षं खेटे घातले. तुझ्या आईच्या उशाशी जी गोळ्यांची पट्टी होती, ती तिथवर अशी पोचली. माझ्या बहिणीच्या वेळी ती नव्हती.

मावशीच्या पेजेचं. यावर फार लिहीत नाही, कारण मावशीला राग कमी आणि दुःख जास्त आहे. आपल्याकडे माया म्हणजे जेवू घालणं. उकड्या तांदळाची पेज, वर थोडं मीठ, हे आजारी माणसाला न देणं म्हणजे त्याला टाकणं, असंच आपण मानतो. पण शरीर बंद होत आलं की भूक आधी जाते. जेवण थांबलं म्हणून माणूस जातो असं नसतं, तो जाणार असतो म्हणून जेवण थांबतं. गिळता येत नसताना घातलेला पेजेचा घोट छातीत उतरला असता आणि शेवटचे दिवस खोकून खोकून गेले असते. तू वहीत लिहिलंस की दर तासाला ओल्या कापसानं तोंड पुसलं, आणि मावशीनं तुळशीपानानं पाण्याचे थेंब ओठांना लावले. ते तिला सांग. 'मावशी, शेवटचं पाणी तुझ्याच हातचं लागलं तिला,' असं सांग. खरंच आहे ते.

आता भाऊ. यात वेळ घालवायला हवा.

तुझा भाऊ दोन वर्षांनी आला आणि आईला त्यानं पाहिली ती चादरीखाली. सात आठवड्यांत आई रोज थोडी थोडी कमी होत गेली, ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं. त्याच्यासाठी फोनवर बोलणारी आई होती आणि मग एकदम नव्हती. अशा माणसाला कारण हवं असतं. रोग दिसत नाही, गोळी दिसते. लांब राहणारा मुलगा किंवा मुलगी शेवटच्या क्षणी येऊन घरातल्यांना किंवा डॉक्टरांना फैलावर घेते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की मृत्यूआधीच आम्ही विचारतो, 'बाहेरगावी कोण आहे? त्यांच्याशी रोज कोण बोलतंय?' तुमच्या घरी हे कुणी विचारलं नाही. ते काम औषध लिहून देणाऱ्यांचं होतं, तुझं नव्हतं. तू सिस्टर आहेस म्हणून सगळ्यांनीच ते तुझ्या पदरात टाकलं.

त्याचं म्हणणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. बाराव्याच्या पंगतीत बहिणीला असं बोलणं ही मोठी जखम आहे, आणि त्यानं माफी मागायला हवी. पण ती मागून मिळणार नाही.

फोनवर हा विषय काढू नकोस. तो पुढच्या वेळी गावी येईल तेव्हा त्याला आईच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तू बाहेर बस. गोळीचं उत्तर तुझ्या तोंडून आलं तर ती सफाई वाटेल. डॉक्टरांनी वही समोर ठेवून सांगितलं की ती माहिती होते. घरी आल्यावर त्याला एवढंच विचार, 'दादा, तुझं आणि तिचं शेवटचं बोलणं काय झालं होतं?' आणि मग त्याला बोलू दे. मला वाटतं, त्याला गोळ्यांबद्दल बोलायचंच नव्हतं. त्याला म्हणायचं होतं की मी पोचलो नाही.

आईच्या इच्छेबद्दलही तुझ्या मनात किंतु आहे, ते पत्राच्या तिसऱ्या पानावर दिसतं. 'तिचं ऐकून घरी ठेवली, चुकलं का?' नाही चुकलं. बऱ्या न होणाऱ्या आजारात शुद्धीवरच्या माणसानं रुग्णालयाला नाही म्हणणं हा तिचा हक्क होता. तिनं ते कागदावर लिहिलं असतं तर भावाशी बोलताना तुला आधार झाला असता, एवढंच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. आपल्या गोव्यात २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र करून सुरुवात करून दिली. माझं मी केलं आहे. हे वाचणाऱ्या इतर घरांतही हे बोलणं व्हावं, चवथीला सगळे जमतात तेव्हा व्हावं, कुणी आजारी नसताना व्हावं.

आता वॉर्ड. तुझ्या पत्रातल्या ज्या एका वाक्यानं मला रात्री झोप लागू दिली नाही, ते गोळीचं नाही. ते हे आहे: 'सिस्टर, तुला काय सांगायचं, तू तर यातलीच.'

आपल्यात माणूस गेला की घराला सुतक लागतं. त्यातल्या सोवळ्या-ओवळ्याबद्दल कुणाला काय वाटायचं ते वाटो, पण सुतक एक काम चोख करतं. ते घरच्यांना बाजूला बसवतं. दहा दिवस देवघरात जायचं नाही, कुणाकडे जायचं नाही. शेजारी जेवण आणून देतात, आणि येणारा प्रत्येकजण तोच प्रश्न विचारतो, 'कसं झालं?' आणि तीच गोष्ट पन्नास वेळा सांगता सांगता ती सांगणाऱ्याच्या अंगात मुरते. सगळं गाव मान्य करतं की या घराला काहीतरी झालंय.

नर्सला सुतक नसतं. ज्या पेशंटला तिनं पंधरा दिवस आंघोळ घातली, ज्याच्या नातवंडांची नावं तिला पाठ आहेत, तो पेशंट पहाटे ४ ला जातो. सिस्टर नळ्या काढते, डोळे मिटवते, हनुवटीला पट्टी बांधते, नाव लिहिलेली चिठ्ठी लावते, नातेवाइकांना धरते, कागद पुरे करते, चादर बदलते, आणि ६ वाजता त्याच खाटेवर नवीन अ‍ॅडमिशन. ७ ला हँडओव्हर. 'बेड नंबर ९, एक्स्पायर्ड.' आठच्या बसनं घरी. जाताना पदेराकडचे पाव घ्यायचे असतात.

असं ११ वर्षं. किती गेले असतील तुझ्या हातांवर? तू मोजले नसशील, मोजायची पद्धतच नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये या प्रकाराला नाव दिलं. मी मराठीत त्याला 'मान्यता नसलेलं दुःख' म्हणते: ज्याच्यासाठी रजा नाही, पंगत नाही, भेटायला येणारं कुणी नाही. आई गेली तेव्हा तुझ्यात आधीच अशी सगळी दुःखं साठलेली होती. मला वाटतं, कपाटाची चावी घेताना जे हात कापतात ते एकट्या आईसाठी कापत नाहीत.

म्हणून 'तू यातलीच' हे वाक्य मला बोचलं. यातली असण्यानं दुःख कमी होत नाही. शिवाय तुला एक गोष्ट मिळालीच नाही, जी इतर मुलींना मिळते. न कळण्याची मुभा. इतर मुली घरघर ऐकून घाबरतात, कुणाला तरी हाक मारतात, आणि कुणीतरी येऊन त्यांना धरतं. तू घरघर ऐकलीस आणि आईला कुशीवर वळवलंस, घड्याळ बघितलंस, वहीत लिहिलंस. सात आठवडे आईच्या खोलीत सिस्टर होती. मुलगी दाराबाहेर उभी होती. ती आता आत आली आहे, म्हणून तू बाथरूममध्ये रडतेस.

पायऱ्यांचं तर मनातून काढूनच टाक. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार असे जे पाच टप्पे मांडले, ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडले होते. मागे राहिलेल्यांसाठीचा तो जिना नव्हता. तो आपण नंतर केला, आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी परीक्षेत पाच गुणांना विचारून पक्का केला. त्यातला माझाही वाटा आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये जे सांगितलं, ते मी घरोघरी पाहते त्याच्या जास्त जवळ आहे. दुःखातला माणूस हेलकावे खातो. एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा समोरच्या संसाराकडे, परत तिकडे. दोन्हीकडे जाणं म्हणजेच सावरणं. जेवणाच्या सुट्टीत हसलीस आणि दहा मिनिटांनी रडलीस, हा तोच हेलकावा. हसलीस म्हणजे आईला विसरलीस असं नाही.

तर काय करायचं.

उद्याच्या ड्युटीला इनचार्ज सिस्टरना बाजूला घेऊन सांग की पुढचे सहा आठवडे मॉर्फिनची चावी आणि खिडकीची खाट तुझ्याकडे नको. कारण एका वाक्यात सांग, 'माझी आई याच आजारात, माझ्या हातात गेली.' आता जे चाललंय, म्हणजे बहाणा करून दुसरीला पाठवणं, ते तुला आतून खातंय, कारण तुला वाटतं आपण पळतोय. मागून घेतलेली सूट आणि पळणं यात फरक आहे. सहा आठवड्यांनी एका मैत्रिणीला सोबत घेऊन कपाट उघड. औषध तिनं काढावं, तू मोजावं, दोघींनी सही करावी. तशीही दोघींनीच सही करायची असते.

दुसरं वॉर्डासाठी. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातला जोनाथन बार्टल्स नावाचा एक नर्स मृत्यूनंतर सगळ्यांना खाटेभोवती थांबवू लागला. डॉक्टर, नर्स, सफाईवाले, सगळ्यांना. एक मिनिट कुणी बोलायचं नाही, काही काढायचं नाही. आधी तो दोन वाक्यं म्हणायचा, की हा माणूस कुणाचा तरी होता आणि आपण सगळ्यांनी याच्यासाठी हात लावले. मग सगळे कामाला. त्याची ही पद्धत पुढे कितीतरी रुग्णालयांनी उचलली. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, धर्म आड येत नाही. आमच्या गटात आम्ही घरी असं करतो. एका घरात खाटेशी रुग्णाची सून, आमची नर्स, रिक्षावाला आणि मी होतो. मिनिट संपल्यावर रिक्षावाला म्हणाला, 'मी याला सहा वेळा बांबोळीच्या इस्पितळात नेलाय,' आणि रडू लागला. तोवर त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या वॉर्डात महिन्यातून एकदा, दुपारच्या हँडओव्हरनंतर अर्धा तास, चहा घेऊन बसता येईल का, हे मेट्रनना विचार. एकच प्रश्न: या महिन्यात कुणाचं जाणं तुमच्यासोबत घरी आलं? उपाय सांगायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. पहिल्या वेळी दोघीच बोलतील. तिसऱ्या वेळी आया आणि वॉर्डबॉयही बोलतील, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वात जास्त असतं.

नोकरी करू शकशील का? हे आज ठरवू नकोस. आई जाऊन चार महिने होत नाहीत. पण मला विचारशील तर, वर्षश्राद्ध झाल्यावर, मन घेत असेल तर, पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणाऱ्या उपशामक सेवेचं, रीतसर शिक्षण घे. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था १९९४ पासून आहे, ती डॉक्टर-नर्सेससाठी प्राथमिक अभ्यासक्रम चालवते. तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडियाही शिकवते, ऑनलाईनसुद्धा. आणि आपल्या सासष्टीत, लोटलीला, शांती आवेदना सदन आहे. १९८६ मध्ये मुंबईत ज्या संस्थेनं देशातलं पहिलं हॉस्पिस उघडलं, तिचंच ते. एक दिवस तिथे नुसती जाऊन ये. तुला मॉर्फिन द्यायला शिकवलं गेलं, पण ते घरच्यांना कसं समजावायचं, दूरच्या भावाला कसं सांभाळायचं आणि मग स्वतः घरी जाऊन कसं झोपायचं, हे शिकवलं नाही. मृत्यूनंतर घरच्यांचं दुःख सांभाळणं हेही उपशामक सेवेचंच काम आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतच आहे. आमच्या पिढीनं अर्धवट शिकवलं. तू नीट शीक.

आणि हे एक नीट ऐक. सहा महिन्यांनंतरही आईच्या ओढीनं दिवस ढकलणं अशक्य वाटत असेल, जेवण-झोप-काम कोलमडलेलं असेल, तर ते रेंगाळलेलं दुःख असतं आणि त्याच्यावर उपचार असतात. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात, जा. तिथे जायची लाज नर्सेसनाच जास्त वाटते, हे मला माहीत आहे. आणि 'मीही जावं' असा विचार एकदा जरी आला, तर सहा महिने थांबायचं नाही. त्याच घडीला नवऱ्याला उठव, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, दिवसा-रात्री कधीही. मला लिहून उत्तराची वाट बघत बसू नकोस.

अलार्मबद्दल तू काही विचारलं नाहीस. बंद करायची घाई नाही. तो वाजेल तेव्हा उठायचं असेल तर ऊठ, नसेल तर झोप.

मला मात्र तुझ्याकडून आणखी एक पत्र हवंय. चार पानांत आईच्या आजाराचं सगळं आहे, तिच्या श्वासांचा आकडासुद्धा आहे, पण ती कुठेच उभी नाही, चालत नाही, कुणावर ओरडत नाही. यंदा सुतकामुळे तुमच्याकडे माटोळी, गणपतीवर टांगायची ती फळाफुलांची चौकट, बांधली गेली नाही. आधीच्या वर्षी ती कुणी बांधली होती? चिबूड, तोरिंग, सुपारीचा घड हे ती बाजारातून घ्यायची की कुणाच्या कुळागरातून आणायची? पाटावर चढून कोण बांधायचं आणि खालून कोण सांगायचं, 'डावीकडे घे, अजून डावीकडे'? तेवढं लिहून पाठव.

तुझी,
ताई